खंड्याची सही

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, परवा तू पाठवलेलं 'शुभ सकाळ' मिळालं. फांदीवर खंड्या, चोचीत मासा, खाली सुविचार. अगं, तो खंड्या माझा आहे! चार वर्षांपूर्वी मी काढलेला. पाठीचा निळा काही केल्या जमत नव्हता, तीन कागद फाडले होते आणि तू फोनवर वैतागून म्हणाली होतीस, "पक्षीच तो, उडव एकदाचा." उडाला म्हणायचा. कोपऱ्यातली माझी सही कुणीतरी कापली आणि तिथे गुलाब चिकटवला. आधी हसू आलं, मग दिवसभर कामात लक्ष लागेना. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्याकडे येईपर्यंत तो किती फोन फिरून आला असेल कोण जाणे.

बाबा, तुम्ही विचारलंत, "हातात आलेलं एवढं मोठं काम का सोडलंस?" तेव्हा मी 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवला. रेंज होती. उत्तर तयार नव्हतं.

काम चाळीस चित्रांचं होतं, पैसेही बरे होते. पण करारात लिहिलं होतं: सगळे हक्क, जगभर, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या सगळ्या माध्यमांत. नाव छापायचं बंधन नाही. आणि शेवटच्या पानावर, चित्रं एआयला शिकवायला वापरायची मुभा. मी म्हटलं, या पुस्तकापुरते घ्या, पाच वर्षांसाठी घ्या, नंतर वाढवू. उत्तर एका ओळीचं आलं: "बाकीचे सगळे सही करतात."

तुमचा हिशेब सरळ आहे, काम केलं, पैसे घेतले, विषय संपला. पण चित्राचा कागद वेगळा आणि चित्राचा हक्क वेगळा. कुणी माझं मूळ चित्र विकत घेऊन भिंतीवर लावलं, तरी ते छापून विकायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. १८८६ साली झालेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या बर्न करारानुसार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) हा हक्क चित्र काढलं की मिळतो, नोंदणीची अट नाही, आणि चित्रकार गेल्यावरही किमान ५० वर्षं टिकतो. चित्राखाली आपलं नाव सांगायचा हक्क त्यात १९२८ साली आला. म्हणजे माझ्यामागेही उरणारी गोष्ट मी एका सहीत देऊन मोकळी झाले असते, तेही नावाशिवाय.

एआयची धास्ती मात्र वेगळी. यंत्रांना शिकवण्यासाठी २०२२ साली लायन-५बी नावाचा संच खुला झाला. त्यात नेटवरच्या ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि वर्णनं होती. चित्रकारांना कुणी विचारलं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये सॅरा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी अमेरिकेत कोर्टात धाव घेतली. मी कुठली कोर्टात जाणार! शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 'ग्लेझ' नावाचं सॉफ्टवेअर काढलंय, शैली उचलणारं यंत्र फसावं म्हणून ते चित्रात बारीक बदल करतं. नेटवर टाकण्याआधी मी ते लावते. सपाट आकाशावर त्याचे डाग दिसतात, तेव्हा जीव खालीवर होतो.

बरं, सध्या कोळ्यांवरच्या ३२ पानी पुस्तकात गुंतलेय. आगाऊ रक्कम थोडी, पण प्रत्येक प्रतीमागे मानधन आणि मुखपृष्ठावर नाव. पहिल्याच पानावर मी कोळ्याचे दोन पाय मागच्या पोटाला जोडले होते. संपादकबाईंनी लाल गोल केला: आठही पाय पुढच्या भागाला! आई, तुझ्या घरातले कोळी तू झाडूने पळवतेस, त्यातला एखादा जरा निरखायला हवा होता मी.

जाळं काढायची गंमत सांगते. आधी कागदावर पातळ रबरी द्रवाने धागे ओढायचे, वरून गडद रंग मारायचा, वाळला की रबर बोटाने चोळून काढायचं. खालचा पांढरा कागद धाग्यासारखा उघडा पडतो. सतरा नंबरच्या पानावर त्याच धाग्यांत मी सही विणली आहे. ती कापायची तर जाळंच कापावं लागेल.

पुस्तक आलं की पहिली प्रत तुम्हालाच. बाबा, चष्मा लावून शोधा, आणि आईला आधी सांगू नका.

तुमची,
चिमी