हजेरीची वही आणि पिवळा दाखला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी न चुकता वाचते. कादंबरीचं परीक्षण असलं की त्यात कथानक येतं, पात्रं येतात, भाषेबद्दल दोन चांगले शब्द येतात आणि 'लेखकाने मानवी मनाचा ठाव घेतला आहे' इथे लेख थांबतो. पण कादंबरी ज्या विचाराशी झुंज घेते, तो विचार त्याच काळात कायद्यात, शास्त्रात आणि सरकारी कचेऱ्यांत काय उलथापालथ करत होता, हे वाचकाला कळतच नाही. यंदा काही जुन्या कादंबऱ्या पुन्हा काढून वाचल्या, तेव्हा ही उणीव फार जाणवली. म्हणून हे पत्र.

विचार एकच आहे: गुन्हेगारी रक्तातून येते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला तो याच समजुतीवर. विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार, तसे इथे पिढीजात गुन्हेगारही असणारच, असा युक्तिवाद त्या वेळी गंभीरपणे केला गेला. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही त्याच्या कक्षेत आणलं. एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की त्या जाहिरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. गुन्हा घडलेला असण्याची गरजच नव्हती.

त्याच १८७१ साली फ्रान्समध्ये एमिल झोलाच्या वीस कादंबऱ्यांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक आलं. एका कुटुंबाच्या पिढ्यांमधून दारू, वेड आणि हिंसा कशी उतरत जाते, हे त्याला जवळजवळ शास्त्रज्ञाच्या निष्ठेने दाखवायचं होतं. आनुवंशिकतेच्या कल्पनेने त्या काळातले भलेभले झपाटले होते. पण याच मालिकेतली 'जर्मिनाल' (१८८५) वाचावी. नायक एतिएनच्या अंगात पूर्वजांच्या दारूचं विष आहे, असं झोला पुन्हा पुन्हा सांगतो. माझ्या मनात मात्र घर करून राहिली ती खाणकामगाराच्या घरातली कॅथरीन. ही पोर पहाटे चारला उठते, कॉफी संपलेली असते म्हणून कालच्याच चोथ्यावर गरम पाणी ओतते आणि घरच्यांसाठी पावाचे तुकडे करते. मग सगळी खाणीत उतरतात. त्या घरातली माणसं दगड हाती घेतात तेव्हा कारण शोधायला आजा-पणजाच्या रक्तापर्यंत जावं लागत नाही. लेखकाचा सिद्धांत एकीकडे आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेलं जग दुसरीकडे, आणि त्याच्याच पुस्तकात हे जग सिद्धांतावर मात करतं. कादंबरी या प्रकाराची ही ताकद मला फार मोठी वाटते.

आता व्हिक्टर ह्यूगो. 'ले मिझराब्ल' १८६२ ची, म्हणजे आपल्याकडच्या कायद्याच्या नऊ वर्षं आधीची. साने गुरुजींनी ती 'दुःखी' या नावाने मराठीत आणली, त्यामुळे आपल्याकडे पाव चोरणारा ज्याँ व्हालज्याँ पुष्कळांना ठाऊक असतो. एकोणीस वर्षं शिक्षा भोगून तो सुटतो तेव्हा त्याच्या हातात सुटलेला कैदी असल्याचा पिवळा दाखला असतो. दिन्य नावाच्या गावातल्या खाणावळीत तो पैसे मोजायला तयार आहे, चूल पेटलेली आहे, जेवण शिजतं आहे. खाणावळवाला एका पोराच्या हाती नगरपालिकेत चिठ्ठी पाठवतो, उत्तर येतं आणि व्हालज्याँला बाहेर काढलं जातं. दुसऱ्या खाणावळीतही तेच होतं. शेवटी तो कुत्र्याच्या खोपटात शिरतो, तर तिथून कुत्रं त्याला हुसकतं. त्याआधी वाटेत मजुरी केली, तर दाखला पाहून तीही कापली गेलेली असते. हा सगळा भाग वाचताना मला आपल्या चावडीवरची हजेरीची वही दिसत होती. फरक एवढाच, की व्हालज्याँने निदान एकदा पाव चोरला होता. आपल्याकडे वहीत नाव चढायला जन्म पुरेसा होता.

व्हालज्याँचा सतत पिच्छा पुरवणाऱ्या ह्यूगोच्या इन्स्पेक्टर जाव्हेरबद्दलची एक गोष्ट तर मी चर्चेत कधीच ऐकली नाही. तो जन्मला तुरुंगात. आई पत्त्यांवरून भविष्य सांगणारी, बाप गलबतांवरच्या सक्तमजुरीचा कैदी. आपण ज्या भटक्या लोकांतून आलो त्यांच्याबद्दल त्याच्या मनात खोल द्वेष आहे, असं ह्यूगो स्पष्ट लिहितो. म्हणजे जाव्हेर हा नुसता कठोर पोलीस नाही. माणूस जन्माने ठरतो हे त्याने स्वतःच्या बाबतीतही मान्य केलेलं आहे, आणि त्या जन्मातून सुटायला त्याला वर्दीखेरीज वाट दिसलेली नाही. मग व्हालज्याँ त्याला हातात सापडूनही जिवंत सोडतो, तेव्हा त्याचं जगच कोसळतं ते का, हे उमगतं. चोर बदलू शकतो हे खरं मानलं, तर जाव्हेरने आयुष्यभर ज्या पायावर घर बांधलं तो पायाच खोटा ठरतो.

हे डोक्यात ठेवून अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) उघडली. वारणाकाठचा मुलूख, गावाला जत्रेचा मान मिळवून देणाऱ्या जोगिणीसाठी बळी गेलेला राणोजी, दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना वाटणारा फकिरा. आपल्याकडे हे सारं शौर्यकथा म्हणून वाचलं जातं आणि त्यात चूक काही नाही. पण मांग-महारांवर हजेरी लादली जाते तो भाग बहुतेक वाचक भराभर ओलांडतात. माझ्या मते कादंबरीचा कणा तोच आहे. ज्या माणसाने अजून काही केलेलंच नाही, त्याला रोज चावडीसमोर उभं राहून 'मी कुठे पळालो नाही' हे सिद्ध करायला लावलं, की त्याच्यापुढे मान खाली घालणं आणि बंड करणं याखेरीज उरतं काय? अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, ती नुसत्या आदरापोटी नव्हे, असं मला वाटतं. जन्माने माणसाची पायरी ठरवणाऱ्या विचाराशीच दोघांचं भांडण होतं.

मालतीबाई बेडेकरांची, म्हणजे विभावरी शिरूरकरांची, 'बळी' (१९५०) याच कायद्याची दुसरी बाजू दाखवते. बाईंनी आमच्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायच्या सरकारी वसाहतीत, नोकरी केली होती. तारेच्या कुंपणाआड माणसांना सुधारायला निघालेल्या व्यवस्थेला त्यांनी आतून पाहिलं होतं. आजही इथे पत्त्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' लिहितात आणि कॉलेजातल्या मुलांना त्यामागचा इतिहास माहीत नसतो. 'बळी' आली त्याच सुमाराला अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो गेला. कादंबरीमुळे कायदा गेला, असा दावा मी करणार नाही. पण समितीचा अहवाल वाचून त्या कुंपणाआडची बाई रात्री काय विचार करत असेल ते कळत नाही. ते 'बळी'त कळतं. पुढे 'उपरा' आणि 'उचल्या' या आत्मकथनांनी तर ते आतल्या माणसाच्या तोंडून सांगितलं, आणि कायदा गेला तरी पोलिसांची नजर गेली नाही हेही सांगितलं.

हा विषय जुना झाला, असं कुणी म्हणेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीनिहाय कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींकडे, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींकडे, सराईत गुन्हेगार म्हणून बोट दाखवणाऱ्या तरतुदीही त्यात होत्या. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाली तरी ती समजूत नियमांच्या पुस्तकात सुखाने नांदत होती. आपल्याच वृत्तपत्रात ही बातमी मी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो फकिरा, आणि त्याच्यापाठोपाठ दिन्यच्या रस्त्यावर उपाशीपोटी फिरणारा व्हालज्याँ.

आपल्याकडे माझी विनंती साधी आहे. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन येतो. त्या आठवड्याच्या पुरवणीत 'फकिरा', 'बळी' आणि १८७१ चा कायदा शेजारी शेजारी ठेवून कुणा जाणत्याकडून लिहवून घ्यावं. विमुक्त समाजात आज लिहिणारी, शिकवणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांच्याकडूनच ते आलं तर अधिक चांगलं. 'बळी' वाचनालयांत सहजासहजी मिळत नाही. आपल्या पानावर तिची चर्चा झाली, तर एखादा प्रकाशक नवी आवृत्ती काढायचं मनावर घेईल, अशी मला मनापासून आशा आहे.

कळावे,
आपली,
एक वाचक, सोलापूर