आकडा ठिकाण-वेळेसह द्या

नाशिकमधील गोदावरीच्या पुराबाबत समाजमाध्यमांवर पसरणाऱ्या अफवांविषयीचे आपल्या अंकातील वृत्त वाचले. चिंता रास्त आहे, परंतु 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढे सांगून भागत नाही. घरात काहीच तयारी नसलेला माणूस हाती आलेल्या पहिल्या मजकुराने घाबरतो.

विसर्गाचाच, म्हणजे दर सेकंदाला सुटणाऱ्या किंवा वाहणाऱ्या पाण्याचा, आकडा घ्या. शहराच्या वरच्या बाजूच्या गंगापूर धरणातून सोडलेले पाणी आणि शहरातील होळकर पुलाखालून वाहणारे पाणी सारखे नसते. मधल्या टप्प्यात शहरातील नाले, ओहोळ नदीला मिळतात. ठिकाण आणि वेळ गाळून दुसरा, मोठा आकडा पुढे ढकलला, की धरणालाच धोका असल्याची आवई उठायला वेळ लागत नाही. त्यात २००८ किंवा २०१९च्या पुराची चित्रफीत 'आत्ताची' म्हणून जोडली, तर नदीकाठच्या वृद्धांची काय अवस्था होत असेल! ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात, त्या नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीला किती पाणी लागले, हे निदान सर्वांना दिसते तरी.

नदीकाठच्या सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीतील प्रत्येक घरात पावसाळ्याआधी दोन-तीन दिवसांचे पिण्याचे पाणी, विजेरी, नेहमीची औषधे आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कागदपत्रे तयार असावीत. तातडीच्या मदतीचा ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. वीज गेल्यावर मोबाइल फार काळ साथ देत नाही.

वृत्तपत्रांनीही विसर्गाचा आकडा ठिकाण व वेळेसह ठळकपणे छापावा, ही विनंती.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक