पलंगाखालच्या ठोकळ्यांची काळजी करू नका

उट्रेख्त (नेदरलँड्स), ९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवाच्या फोननंतर मी गप्प होते, पण रागावले नव्हते. "पोट दिसत नाही, खातेस की नाही?" असं तू तीनदा म्हणालीस आणि मागून बाबा "तेच तर!" करत होते. म्हणून लिहूनच कळवते, मावशीलाही वाचून दाखव.

खाते गं. डिंकाचे लाडू आठ उरलेत, रोज अर्धा असा पुरवतेय.

आणि मी खाल्लेलं सरळ बाळाच्या पोटात पडत नाही. माझं रक्त त्याच्या रक्तात मिसळतच नाही, मध्ये वार (प्लासेंटा) असते. इथे डॉक्टर नाही, सुईणच तपासते (चार वर्षं शिकलेली असते, घाबरू नकोस). तिने कागदावर काढून दाखवलं. वारेचे मुळांसारखे बारीक फाटे माझ्या रक्तात बुडलेले असतात आणि त्या मुळांच्या आतून बाळाचं रक्त फिरतं. साखर माझ्याकडे जास्त, त्याच्याकडे कमी, म्हणून ती उताराने आपसूक जाते. प्रथिनांचे घटक आणि कॅल्शियम मात्र वार चढावर ओढून नेते. बाळाच्या रक्तात ते माझ्यापेक्षा जास्त असलं तरी नेतेच. जन्मापर्यंत त्याला तीसेक ग्रॅम कॅल्शियम लागतं, त्यातलं बहुतेक या शेवटच्या तीन महिन्यांत. खाण्यात कमी पडलं तर आईच्या हाडांतून निघतं, कुणी विचारत बसत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

मावशी म्हणते, मांस-अंडं नाही तर बाळ अशक्त होणार. प्रश्न बी-१२ चा, म्हणजे मुख्यतः मांस-अंड्या-दुधातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाचा आहे आणि त्यावर आपल्या पुण्यातच मोठं काम झालंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासली. आईला बी-१२ कमी आणि फोलेट (तेही एक बी जीवनसत्त्वच) जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलाचं शरीर साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला नीट दाद देत नाही, असं त्यात दिसलं. माझं बी-१२ कमी निघालं होतं. तेव्हा सांगितलं नाही, तू रडली असतीस. गोळी चालू आहे. डांग्या खोकल्याची लसही घेतली. तिने माझ्यात तयार होणारी, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात.

आता पलंग. फोटोत तो ठोकळ्यांवर दिसला म्हणून बाबांनी विचारलं, घरात पाणी शिरतं का! नाही हो बाबा. इथे बाळंतिणीचा पलंग उंच करावाच लागतो, गादी जमिनीपासून निदान ८० सेंटीमीटर. बाळंतपणानंतर आठेक दिवस रोज एक बाई घरी येते, विम्यातून. माझे टाके, बाळाचं वजन, अंगावर पाजणं सगळं बघते, आल्यागेल्याला कॉफीसुद्धा देते. तर तिची कंबर धरू नये म्हणून पलंग वर! माझ्या नव्हे, तिच्या कंबरेसाठी. मला आधी चेष्टाच वाटली. ठोकळे भाड्याने मिळतात. निखिलने सायकलवरून आणले, टेप लावली तर ७७ भरले. पुन्हा दुकान. आता चढताना मला पाटावर पाय द्यावा लागतो. आजीच्या पलंगाखालीही विटा होत्याच की, ट्रंका मावाव्यात म्हणून.

तुम्ही येऊ नका म्हणाले ते बाबांच्या मोतीबिंदूमुळेच, दुसरं काही मनात आणू नकोस. बाई आठ दिवस आहे. नवव्या दिवसाचं आम्ही बघू.

ऑपरेशनचे चाळीस हजार काल टाकलेत, पोस्टातली एफडी मोडू नका. छकुलीच्या साखरपुड्याला मला नववा लागलेला असेल, विमानात घेणार नाहीत. मुलाकडच्यांना नीट सांगा, नाहीतर म्हणतील थोरलीला हौस नाही. माझी हिरवी पैठणी तिला नेसव. वरच्या कप्प्यात आहे, आधी वाऱ्यावर टाक, डांबरगोळ्यांचा वास जाईल. डोहाळजेवणाचंही लावून घेऊ नकोस. शनिवारी इथल्या तिघींनी ओटी भरली. पुरणपोळ्या सगळ्या फाटल्या, पण खूप हसलो.

इकडे येणारं कुणी भेटलं तर बाळंतशोपा तेवढ्या पाठव. डिंक नको, उगाच ओझं. जागा उरली तर पाठव.

तुझी,
मनू