'गंगा खालीच ठेवा' म्हणणाऱ्या पेंटर काकांना

प्रिय पेंटर काका,
सादर नमस्कार.

हे पत्र हातात द्यावं म्हणून दोनदा तुमच्या दुकानावर येऊन गेले. दोन्ही वेळा कुलूप. शेजारचा टपरीवाला म्हणाला, "बाबा आता मनात आलं तरच येतात." म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितेय. नातू वाचून दाखवेलच. आणि नाशिकच्या पेठ रोडवरून जाताना आमच्या शाळेच्या रंगवलेल्या भिंतीपाशी गाडी हळू करणाऱ्यांनाही कळू दे, ही मुलं कोणाच्या हाताखाली तयार झाली ते.

आदल्या वर्षीचा माझा पराक्रम तुम्हाला माहीत आहे. त्याच भिंतीवर मी मुलांकडून डिस्टेंपरने चित्रं काढून घेतली होती. जूनच्या दोन सरींत सगळं ओघळून फुटपाथवर आलं. चूक माझीच, स्वस्तात भागवायला गेले. तुम्ही पहिल्या दिवशी आलात, भिंतीवर नख ओढलंत, नखात आलेली पांढरी पूड मला दाखवलीत आणि म्हणालात, "बाई, लोणा लागलाय. रंगाचं नंतर, आधी हिला खरवडा." आठवडाभर मुलं पत्र्याने आणि पॉलिश पेपरने भिंत घासत होती. मग प्राइमर, मग बाहेरच्या भिंतीचा इमल्शन. तेही डिसेंबरात सकाळी दहाच्या आत डबा उघडायचा नाही, का तर दव वाळलेलं नसतं. मी बी.एड.पर्यंत शिकले, पण दवाचं कोणी सांगितलं नव्हतं.

मुलांची कच्ची चित्रं आठवतात? चाळीसेक कागद, त्यातल्या तिसांवर तेच: दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, एक नदी, काठावर नारळ. तुम्ही एक कागद उचललात आणि विचारलंत, "हा कुठला डोंगर?" पोरं गप्प. "आणि पेठ नाक्याला नारळ कोणी पाहिलाय?" मग त्यांना गच्चीवर नेलंत. समोर रामशेजचा किल्ला. माथा सपाट, त्याखाली काळा कडा, मग उतार, परत कडा. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला आपला सह्याद्री, तो टोकदार कशाला असेल? पण शाळेच्या भिंतीवर टोकदार डोंगर आम्हीच काढायला शिकवतो. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेची तयारी करून घेताना मीही तेच करत आले, हे इथे कबूल करते.

त्या दिवसानंतर कागद बदलले. एकीने आईचा हात काढला, द्राक्षांच्या घडात शिरलेला, बोटांत विरळणीची बारीक कात्री. तिची आई पेठकडून दिंडोरीच्या बागांत कामाला येते. कोणी मार्केट यार्डातले टोमॅटोचे कॅरेट काढले, कोणी नारोशंकराच्या देवळाची घंटा. जुन्या नाशकात तिवंध्याला मामा असलेल्या एकाला रहाड, म्हणजे रंगपंचमीचा जमिनीतला रंगाचा हौद, काढायची होती. अडचण अशी की रंगपंचमी सोडली तर रहाड बुजवलेली असते, दिसणार काय? त्याने वर रस्ता काढला, रस्त्यावर स्कूटर, खाली फळ्या आणि फळ्यांखाली काठोकाठ रंग. तुम्ही म्हणालात, "एरवी कोरडी असते रे." तो म्हणाला, "माझ्यातली नाही." तुम्ही हसून त्याच्या हातात स्टेनरची, म्हणजे दाट रंगाची, बाटलीच दिलीत.

आपलं भांडण झालं ते नदीवरून, म्हणजे नाशिककर जिला गंगा म्हणतात त्या गोदावरीवरून. मला वर मोठ्या अक्षरात 'स्वच्छ गोदावरी' लिहून हवं होतं. तुमच्यासारखं अक्षर नाशकात आता कोणाचं आहे? तुम्ही साफ नाही म्हणालात. "२००३ च्या सिंहस्थात रात्र रात्र जागून घोषणाच लिहिल्या. २०१५ ला सगळं फ्लेक्सवर गेलं. गंगा होती तिथेच आहे." मला तेव्हा राग आला होता, अजून थोडा आहे. पण मुलांनी नदीत पाणवेली काढल्या, एक बाटली काढली, आणि त्यापाशी थांबून बघणारे लोक पाहिले की मी गप्प बसते.

ती नदी भिंतीच्या तळाशी घ्यायला लावलीत तुम्हीच. मी म्हणत होते, मध्यभागी घेऊ, शोभेल. तुम्ही म्हणालात, "गंगा खालीच ठेवा. ओल खालून चढते, इथला रंग आधी सुटणार. मग दरवर्षी तेवढीच पट्टी नवी मारायची. पाणी तसंही दर पावसाळ्यात नवंच असतं." आणि त्या पाण्यात मुलांनी दुतोंड्या मारुती उभा केला, गोदेच्या पात्रातली ती मूर्ती, जिच्यावरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात.

निळीत बुडवलेलं सूत तर विसरणं शक्य नाही. दोघांनी टोकं ताणून धरायची, तिसऱ्याने मधोमध चिमटीत उचलून सोडायचं. टण्! भिंतीवर सरळ निळी रेघ आणि तिघांच्या नाकावर नीळ. कागदावरचा इंच म्हणजे भिंतीवरचा फूट, हे प्रमाणाचं गणित आमच्या सातवीला वर्गात जमत नव्हतं. तुमच्या चौकटींत ते दोन दिवसांत बसलं. गणिताच्या सरांना मी हे मुद्दाम सांगितलं.

मानधनाचं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत. रिकामे डबे तेवढे मागून नेलेत, तुळशी लावायला. त्या पाकिटात थोडी भर घालून आम्ही रंग आणून ठेवलाय.

कारण, काका, शाळा उघडली आणि तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. गेटकडच्या कोपऱ्यात वीतभर पट्टीचे पापुद्रे सुटलेत. मुलांना वाईट वाटेल असं वाटलं होतं, तर त्यांचा वादच सुरू झाला: यंदा पाणी मारुतीच्या कुठवर काढायचं? एक गट म्हणतो गुडघ्यापर्यंत. दुसरा २०१९ च्या पुराचे फोटो दाखवून छातीच्या वर हट्ट धरून बसलाय. शेवटी ठरलं, पावसाळाभर गंगेवर जाऊन मारुतीवर लक्ष ठेवायचं आणि पाणी जिथवर चढेल तिथवर भिंतीवर घ्यायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर, भिंत वाळली की काम.

तुमची सुताची गुंडी माझ्या कपाटात आहे. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. दव तोवर वाळलेलं असतं.

तुमची,
चित्रकलेच्या बाई