उंच पोरांना आधी पाय शिकवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर इथल्याच एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल निवड चाचणीची चार ओळींची बातमी होती. ‘सहा फूट तीन इंचांवरील मुलांना प्राधान्य.’ त्या चार ओळींपायी माझा चहा गार झाला.

इंदूरच्या एका महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षं क्रीडा अधिकारी होतो. माझी स्वतःची उंची पाच फूट सहा इंच. उंच मुलगा दिसला की माझी नजर आधी त्याच्या पायांवर जाते, चेहऱ्यावर नंतर. ही खोड लागली त्याला एक मुलगा कारण झाला.

१९९१ चा एप्रिल. वर्षाचे गहू भरायला छावणीच्या धान्य मंडीत गेलो होतो. देवासच्या पुढच्या गावाहून आलेल्या एका ट्रॉलीशेजारी शेतकऱ्याचा मुलगा उभा होता. पोत्यांच्या थप्पीवर कोपर टेकवून, जसे आपण ओट्यावर टेकवतो. सहा फूट पाच इंच. गहू राहिले बाजूला. वडिलांशी तासभर बोललो. फी माफ होईल, वसतिगृहात खोली मिळेल, पुढेमागे रेल्वेत नोकरीसुद्धा लागेल, असं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘खायला कोण घालणार? एका वेळेला चौदा पोळ्या लागतात.’ तेही मी कबूल केलं. (पहिले दोन महिने आमच्या सौ.ने केल्या. त्यावर ती अजून बोलते.)

जुलैत प्रवेश झाला. खाटेबाहेर पाय जायचे म्हणून पायथ्याशी ट्रंक ठेवली. बारा नंबरचे बूट सबंध इंदूरला मिळेनात, ते माझ्या भाच्याने मुंबईहून पाठवले. तोवर तो कॅनव्हासचे बूट अंगठ्यापाशी कापून खेळला, तेही सिमेंटच्या मैदानावर.

आणि मी त्याला शिकवलं काय? ‘हात वर!’ बस. लाइनीबाहेर उभा राहून तीन वर्षं मी हे दोनच शब्द ओरडलो. बाकी चौघांना ड्रिबल, पास, लेअप, सगळं शिकवलं. हा मात्र रिंगखाली खांबासारखा उभा. बॉल हातात आला की कमरेपर्यंत खाली आणायचा आणि समोरचा साडेपाच फुटी गार्ड (बॉल खेळवत पुढे नेणारा खेळाडू) तो हिसकावून पळायचा. पहिल्या सामन्यात अकराव्या मिनिटाला त्याचे पाच फाऊल भरले आणि तो बाद. पहिल्याच वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना खेळलो, त्यामुळे मला वाटलं की मी कोच आहे. तिसऱ्या वर्षी त्याचे गुडघे गेले, परीक्षाही गेली, आणि एक दिवस ट्रंक उचलून तो गावी निघून गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा मी ऑफिसात पुढच्या वर्षीच्या उंच मुलांची यादी करत होतो.

उंच पोरगा आयता मोठा होऊन येतो, म्हणून त्याला शिकवायचं काही उरलं नाही असं आपण धरून चालतो. गोष्ट उलटी आहे. दोन-तीन वर्षांत ताडमाड वाढलेल्या मुलाला आपला पाय कुठे पडतोय हेच कळत नसतं. त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा. तालमीत नव्या पोराला कोणी वस्ताद पहिल्या महिन्यात फडावर उतरवत नाही. माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो. आपण मात्र जुलैत आणलेला मुलगा दिवाळीच्या आत सामन्यात उभा करतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांची गोष्ट सांगतो. तिथला पैसा आणि सोयी आपल्याकडे नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण ही १९४२ ची गोष्ट आहे आणि तिला एक दोरी पुरली. जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच, जाड भिंगांचा चष्मा. नोत्र दाम विद्यापीठाच्या कोचने त्याला धांदरट म्हणून परत पाठवलं. तिथेच सहायक असलेले रे मेयर त्याच वर्षी डीपॉल विद्यापीठाचे कोच झाले आणि मायकन तिथे त्यांच्या हाताखाली आला. मेयरनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, हवेत ठोसे मारायला लावले, चक्क नाचाच्या शिकवणीला पाठवलं. शिवाय रिंगखालचा एक सराव: उजव्या हाताने बॉल टाकायचा, जाळीतून पडताच हनुवटीखाली न आणता धरायचा, एक पाऊल डावीकडे, आता डाव्या हाताने. पुन्हा उजव्या. शेकडो वेळा. त्याला आजही ‘मायकन ड्रिल’च म्हणतात. पुढे याच मायकनला आवरायला व्यावसायिक लीगने १९५१ मध्ये रिंगखालचा पट्टा, जिथे हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला.

मी तो सराव वाचला निवृत्त झाल्यावर, नातवाच्या मोबाइलवर. सगळा मिळून एक बॉल आणि एक रिंग लागते. दोन्ही माझ्याकडे १९९१ मध्ये होती.

आताचंच बघा. टोरांटोचा झॅक ईडी, सात फूट चार इंच. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलला हात लावला तो शाळेची शेवटची वर्षं उरली असताना. नावाजलेल्या मुलांत त्याची गणती नव्हती. पर्ड्यू विद्यापीठाच्या मॅट पेंटर यांनी त्याला घेतलं आणि वाढू दिलं. सामन्यामागे सरासरी पहिल्या वर्षी ८.७ गुण, मग १४.४, मग २२.३, चौथ्या वर्षी २५.२. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धेचा २०२४ चा अंतिम सामना आपल्याकडे पाडव्याच्या सकाळी होता. गुढी उभारायची सोडून आम्ही आजा-नातू मोबाइलसमोर. ईडीने ३७ गुण केले, संघ हरला, आणि गुढीला उशीर झाला म्हणून घरात बोलणी बसली ती वेगळीच. पुढे अमेरिकेत नाव काढलेल्या नायजेरियाच्या हकीम ओलाजुवानने तर पंधराव्या वर्षापर्यंत बास्केटबॉल खेळलाच नव्हता. लागोसमध्ये तो हँडबॉल आणि फुटबॉलचा गोलकीपर होता. त्याचे पाय तिथे तयार झाले.

आपल्याकडेही हे झालंय. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, लुधियानाच्या अकादमीत घडला, पुढे फ्लोरिडात शिकला आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या मुख्य व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत डॅलस संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. त्या लीगचा एक सामनाही त्याला मिळाला नाही, हेही तितकंच खरं. पण लुधियानात कोणीतरी उंच पोरांसाठी वर्षानुवर्षं मैदानात उभं राहिलं, म्हणून तो तिथवर तरी पोहोचला. मंडीत मुलगा हेरणारे माझ्यासारखे गल्लोगल्ली आहेत.

हे पत्र लिहायला आणखी एक निमित्त झालं. मागच्या महिन्यात राजवाड्यापाशी मला कोणीतरी वाकून नमस्कार केला, आणि वाकूनही तो माझ्यापेक्षा उंचच. तोच. आता पन्नाशी उलटलेला, जिना उतरताना एक-एक पायरी घेणारा. सोबत त्याचा अठरा वर्षांचा मुलगा, सहा फूट चार. एका कॉलेजाचे लोक गावी येऊन गेले म्हणे. फी माफ, वसतिगृह, सगळं तेच. त्याने विचारलं, ‘सर, याला तिथे शिकवतील काय?’ टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. मी कचोरी मागवली.

म्हणून चाचणी घेणाऱ्यांना विनंती. उंची जरूर मोजा, पण त्या मुलांना पहिलं वर्ष सामन्यांच्या हिशेबात धरू नका. रोज अर्धा तास त्यांना वेगळा द्या: दोरी, भिंतीवर टेनिसचा बॉल मारून एका हाताने झेलणं, पिव्हटवर, म्हणजे एक पाय रोवून, दोन्ही बाजूंना वळणं. उड्या सिमेंटवर नकोत, मातीवर घ्या. गार्डांना सांगा की लंबूला बॉल छातीच्या वर द्यायचा. आणि बापाला भेटायला जाल तेव्हा गुडघ्यांचा खर्च कोण करणार तेही सांगून या.

मी रेसकोर्स रोडच्या मैदानावर सकाळी सहाला फिरायला असतो. कोणी आपली उंच मुलं पाठवली तर दोरी आणि दोन टेनिस बॉल मी आणीन, पैसे नकोत. मंडीतल्या त्या मुलाचा मुलगा सोमवारपासून येतो आहे. त्याला तेरा नंबरचे बूट हवेत. ऑनलाइन मागवलेले दोन जोड टाचेत सैल म्हणून परत केले. इंदूरला पायात घालून बघता येतील असे कुठे मिळत असतील, तर वाचकांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडा अधिकारी,
रामबाग, इंदूर