वहीत गुन्ह्यासाठी रकाना नाही

पुणे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

'डेथ नोट' या जपानी चित्रकथेचे, म्हणजे मांगाचे, बाराही खंड संपवलेस आणि मला एका ओळीत कळवलंस, "लाइट जिंकायला हवा होता." लाइट, म्हणजे नाव लिहिलं की माणूस मरतो अशी वही सापडलेला आणि गुन्हेगारांना मारत सुटल्यावर जगाने 'किरा' नाव दिलेला तो विद्यार्थी. फोनवर या विषयावर आपण एकमेकांची वाक्यं तोडत बसलो असतो, म्हणून पत्र लिहितोय. लांबेल. रात्री निवांत वाच.

तुझ्या त्या ओळीमागे काय आहे ते मला ठाऊक आहे. श्रीदादाला उडवणारा माणूस जामिनावर बाहेर आहे, काकू प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन बसतात, आणि बहुतेक वेळा साक्षीदार येत नाही म्हणून पुढची तारीख घेऊन परत येतात. अशा घरातल्या माणसाच्या हातात ही गोष्ट पडली तर त्याला किरा आपला वाटणार. कथेतल्या मिसा आमानेला तो असाच आपला वाटतो. तिच्या डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झाला, खुन्याचा खटला रेंगाळला, तो सुटतो की काय असं वाटू लागलं आणि तेवढ्यात किराने त्याला मारलं. तिच्या कृतज्ञतेची मी कधीच टिंगल केली नाही आणि तुझ्या रागाचीही करणार नाही. पण लाइटबद्दल तू म्हणतोस ते मला मान्य नाही, आणि का नाही ते तुला नीट सांगायचंय.

सुरुवातीची पानं पुन्हा काढ. वही हातात आल्यावर लाइट पहिलं नाव लिहितो ते बालवाडीतल्या मुलांना ओलीस धरणाऱ्याचं. टीव्हीवर त्याचं नाव आणि चेहरा दिसतोय, मुलं आत अडकलीत. इथे कोणाही वाचकाचं मन लाइटच्या बाजूने झुकतं, माझंही झुकलं. मग दुसरं नाव बघ. दुकानाबाहेर एका मुलीला छेडणारा मोटारसायकलवाला. तो मरतो कारण लाइटला वही खरी आहे का याची खात्री करायची असते. पहिला मृत्यू योगायोगही असू शकला असता, म्हणून पडताळणीसाठी दुसरा. आणि त्यानंतर पोरगा हादरतो. झोप उडते, वजन उतरतं. आपण दोन माणसं मारली हे त्याला पेलवत नाही. सडलेलं जग, निर्मळ नवं जग, त्या जगाचा देव, हे सगळं तत्त्वज्ञान त्याच्या डोक्यात येतं ते याच क्षणी, म्हणजे दोन खून झाल्यानंतर. ते सिद्धांतासाठी झाले नव्हते. झालेले खून सोसता यावेत म्हणून सिद्धांत उभा राहिला. लेखक त्सुगुमी ओबाने हा क्रम मुद्दाम असा ठेवलाय असं मला वाटतं, आणि पहिल्याच प्रकरणात ठेवलाय. पुढची शंभरावर प्रकरणं त्या एका पानातून निघतात.

आता वहीचे नियम आठव. माणसाचं नाव हवं, चेहरा डोळ्यांसमोर हवा. ४० सेकंदांत मृत्यूचं कारण लिहिलं तर तसा मृत्यू, तपशील भरायला आणखी ६ मिनिटं ४० सेकंद, काहीच लिहिलं नाही तर हृदयविकाराचा झटका. ओबाने एवढे बारीकसारीक नियम रचले, पण मरणाऱ्याने केलं काय हे वही एकदाही विचारत नाही. गुन्ह्यासाठी रकानाच नाही. तो लाइटच्या डोक्यात भरला जातो, आणि लाइटला गुन्हा कळतो तो बातम्यांमधून. पुढे पोलिसात असलेल्या वडिलांच्या संगणकातून पोलिसांच्या नोंदीही चोरून वाचतो. म्हणजे किराचा न्याय हा पोलिसांच्या शब्दावर आणि वृत्तनिवेदकाच्या सांगण्यावर उभा आहे. ज्या यंत्रणेला तो सडलेली म्हणतो तिचीच यादी उचलतो, आणि त्या यंत्रणेत चूक सुधारायची जी काय थोडीफार सोय असते ती काढून टाकतो.

इवाओ हाकामादाचं नाव तुझ्या वाचनात आलंय का? जपानमधला मुष्टियोद्धा. १९६६ साली शिझुओका प्रांतात एका घरातल्या चौघांचा खून झाला, त्यात याला पकडलं. दिवसचे दिवस चौकशी करून कबुली घेतली, ती त्याने कोर्टात नाकारली. १९६८ ला फाशीची शिक्षा झाली, १९८० ला ती कायम झाली. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) टाकीत सापडलेले रक्ताळलेले कपडे हा त्याच्याविरुद्धचा मोठा पुरावा होता. बहीण हिदेको त्याच्यासाठी आयुष्यभर लढली. २०१४ ला फेरसुनावणीचा आदेश होऊन तो बाहेर आला आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, निर्दोष ठरला. तपास करणाऱ्यांनीच पुरावे बनवले होते, असं कोर्टाने म्हटलं.

मांगातली गोष्ट २००३ च्या अखेरीस सुरू होते. त्या वेळी हाकामादा टोकियोच्या तुरुंगात होता. नाव छापून आलेलं, फोटो छापून आलेला, गुन्हा चौघांचा खून. मंदार, लाइटने ते नाव लिहायला किती वेळ घेतला असता? अर्धं मिनिटही नाही. आणि वाचणारे आपण मान डोलावून पान उलटलं असतं. त्या कथेत मरणाऱ्या असंख्य कैद्यांमध्ये असा एखादा होता की नाही हे कोणी शोधत नाही, लाइट तर नाहीच नाही. मला हे कथेतलं सगळ्यांत भयंकर मौन वाटतं.

त्या कैद्यांचं लाइट काय करतो तेही बघ. वहीने माणसाच्या वागण्यावर किती ताबा मिळतो हे बघायला तो कैदी वापरतो. एकाला मरण्याआधी कोठडीतून पळायला लावतो, एकाला भिंतीवर चित्र काढायला लावतो, एकाला चिठ्ठी लिहायला लावतो. मृत्यूच्या वेळांवरून खुनी विद्यार्थी असावा असं किराच्या मागावरचा गुप्तहेर एल ताडतो, तर त्याला डिवचायला लाइट दर तासाला एक कैदी मारतो. हा न्याय कुठल्या अंगाने झाला? ती माणसं एलला पाठवलेला निरोप म्हणून मेली. शिक्षा देणाऱ्याला निदान शिक्षा भोगणाऱ्याकडे बघावं तरी लागतं. लाइट बघत नाही.

आणि हे अजून आरंभाचे दिवस आहेत. "सत्तेने बिघडला" असं सगळे म्हणतात, जणू चांगला मुलगा हळूहळू नासत गेला. मला तसं दिसत नाही. टीव्हीवर लिंड एल. टेलर किराला दुष्ट म्हणतो आणि लाइट तिथल्या तिथे त्याचं नाव लिहितो. तो माणूस एलने उभा केलेला फाशीचा कैदी होता हे नंतर कळतं. लिहिताना लाइटच्या लेखी त्याचा एकच गुन्हा होता: त्याने विरोध केला. मग पाळतीवरचा एफबीआयचा रे पेंबर आणि त्याचे सगळे सहकारी. मग नाओमी मिसोरा.

नाओमीपाशी मी प्रत्येक वाचनात थांबतो. पेंबरची वाग्दत्त वधू, स्वतः एफबीआयमध्ये काम केलेली. तिचा माणूस गेलाय, आणि दुःखात असूनही ती शांत डोक्याने जोडत जोडत अशा निष्कर्षाला येते जिथे अख्खं पोलीस पथक पोचलेलं नसतं: किरा हृदयविकाराशिवाय दुसऱ्या तऱ्हेनेही मारू शकतो. हे सांगायला ती पोलीस मुख्यालयात जाते आणि तिला तिथे भेटतो लाइट. तो तिच्याबरोबर चालत राहतो, अदबीने बोलतो, विश्वास मिळवतो, खोटं नाव सांगितलंय हे कळल्यावर खरं काढून घेतो. लिहून झाल्यावर आपणच किरा आहोत असं तिला सांगतो. ती निघून जाते ती कायमची, आणि प्रेतही कोणाला सापडू नये अशी तजवीज त्याने लिखाणातच केलेली असते. तीही मिसासारखीच होती ना? आपल्या माणसाच्या खुन्याला शिक्षा व्हावी एवढंच तिला हवं होतं. आणि तुलाही तेवढंच हवंय. म्हणून तर मला आश्चर्य वाटतं की तू लाइटच्या बाजूला उभा राहिलास. त्या कथेत तू नाओमी आहेस रे. खुन्याला शोधत दारोदार फिरणारी, आणि न्यायाच्या नावाखालीच मिटवली गेलेली.

रियूकवर खापर फोडू नकोस. तो शिनिगामी, म्हणजे मृत्यूदेव, कंटाळा आला म्हणून वही खाली टाकतो, सफरचंदं खातो आणि मजा बघतो. लिही असं तो कधीच म्हणत नाही. उलट सगळे वाईट लोक मारलेस तर वाईट स्वभावाचा तूच एक उरशील, असं अगदी सुरुवातीला सांगून टाकतो. लाइटला ते समजतच नाही.

योत्सुबाचा भाग तुला कंटाळवाणा वाटला म्हणालास. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. कंपनीचे आठ अधिकारी टेबलाभोवती बसून धंद्याच्या सोयीसाठी कोणाला मारायचं ते ठरवतात. तीच वही, तीच गुप्तता, फक्त वर न्यायाचं नाव नाही. त्याच काळात, वहीची मालकी सोडल्यामुळे, लाइटच्या आठवणी गेलेल्या असतात. तो पुन्हा सरळ, कष्टाळू मुलगा होतो. मिसाच्या प्रेमाचा तपासासाठी वापर कर असं एल सुचवतो तर याला ते पटत नाही, माणसाच्या भावनेशी खेळणं त्याला नीच वाटतं. मग वहीला हात लागतो, तो किंचाळतो, आठवणी परत येतात, आणि घड्याळात दडवलेल्या कागदाच्या तुकड्यावर तो त्या आठांतल्या हिगुचीचं नाव लिहितो. इतका वेळ ज्याला नीच म्हणत होता ते सगळं त्याने आधीच योजून ठेवलेलं असतं. चित्रकार ताकेशी ओबाताने तिथे डोळे कसे बदललेत ते बघ. मुलगा तोच, चेहरा तोच.

मग सोइचिरो यागामी. खरं सांगू, मी ही कथा त्याच्यासाठी वाचतो. आयुष्यभर पोलिसात राहिलेला लाइटचा बाप. आपल्या उरलेल्या आयुष्यातलं निम्मं देऊन तो माणसाचं नाव आणि आयुर्मान दाखवणारे शिनिगामीचे डोळे घेतो, 'मेलो' नावाचा गुन्हेगार समोर आहे, खरं नाव दिसतंय, वही हातात आहे, लिहायला सुरुवातही केलेली आहे. आणि त्याचा हात पुढे जात नाही. त्यात त्याला गोळ्या लागतात. तो मरत असताना लाइट त्याला सांगतोय की नाव लिहा. बाप मुलाकडे बघतो, शिनिगामीच्या डोळ्यांनी मुलाचं आयुर्मान दिसतं (वहीच्या मालकाचं दिसत नाही), म्हणजे वही मुलाच्या मालकीची नाही, म्हणजे माझा मुलगा किरा नाही, या समाधानात तो जातो. ते समाधानसुद्धा मुलाच्या डावपेचातून आलेलं, कारण लाइटने मालकी सोडलेली असते. तुझ्यामाझ्या वाचनात किराला हरवणारे म्हणून एल येतो, एलचा वारस निअर येतो. मला तिथे सोइचिरो ठेवावासा वाटतो. त्याच्याकडे मारण्याचं प्रत्येक कारण होतं.

तू विचारशील, पण गुन्हे कमी झाले ना, युद्धं थांबली ना? कथेत तसं दाखवलंय खरं. पण पुढचं पाऊलही दाखवलंय. लाइटने वही सोपवलेला मिकामी, जो पेशाने सरकारी वकील आहे, सुधारलेल्या जुन्या गुन्हेगारांनाही मारू लागतो, समाजाच्या उपयोगी न पडणाऱ्या माणसांवर येतो. त्यावर लाइटच्या मनात एवढंच येतं की ही घाई झाली. चूक झाली असं नाही, घाई झाली. उद्या काकू थकल्या, अंथरुणाला खिळल्या, तर त्या उपयोगी ठरतील का, हे कोण ठरवणार?

डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीने मेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. त्या पीडित मुलीसाठी आपल्यालाही तेव्हा झोप नव्हती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने सांगितलं की पोलिसांनी सांगितलेली चकमकीची हकीकत बनावट होती, गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या होत्या, आणि चारांपैकी तिघे अल्पवयीन होते. त्या मुलीचा खटला मात्र कधी उभाच राहिला नाही. नेमकं काय घडलं, कोणी काय केलं, हे आता कोर्टात कधीच सिद्ध होणार नाही. फुलं टाकणाऱ्यांनी तिच्याकडून हेही घेतलं.

श्रीदादाच्या बाबतीत मला ते नको आहे. त्या रात्री गाडी कोण चालवत होतं, किती वेगात होती, थांबली का नाही, हे सगळं एका खोलीत, सगळ्यांसमोर, त्या माणसाच्या तोंडावर बोललं जायला हवं. त्याच्या वकिलाने उलटतपासणी घेऊनही ते टिकायला हवं. उशीर होतोय, तो उशीर अन्यायच आहे, आणि त्याबद्दल चिडायचा तुला पूर्ण हक्क आहे. चीड ठेव. अर्ज कर, वकिलाला धारेवर धर, लवकर सुनावणीची मागणी लावून धर, मी बरोबर आहे.

शेवटाबद्दल एकच सांगतो. ॲनिमेत, म्हणजे याच कथेच्या कार्टून मालिकेत, लाइट एकटा, शांत मरतो, वर हळवं संगीत. बघून दया येते. मांगाचा शेवट मला जास्त प्रामाणिक वाटतो. गोदामात जमिनीवर पडून तो मरायचं नाही म्हणून ओरडतो, रियूकच्या विनवण्या करतो, आणि रियूक त्याचं नाव लिहितो. इतक्यांची मरणं लिहिणाऱ्याला स्वतःचं ऐकवत नाही. त्यानंतर वर्षभराने किराचे भक्त डोंगरावर दिवे घेऊन चाललेले दिसतात. ते प्रकरण तू बहुधा भराभर चाळलंस, कारण त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. पुन्हा वाच, आणि ती चालणारी माणसं तुला कशी वाटली ते मला कळव. माझं त्यांच्याबद्दल अजून ठरत नाही.

पुढची तारीख कळली की लगेच सांग, रजा टाकतो. काकूंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

लोभ आहेच, वाढावा.

तुझा,
केदार