‘लोकल’ कशासाठी आणि किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाधमनी (हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी) जन्मतः अरुंद असलेल्या बाळाच्या शस्त्रक्रियेत ‘लोकलही देऊ’, म्हणजे तेवढीच जागा सुन्न करणारं औषधही देऊ, असं ऐकलं की पालक धास्तावतात. बाळ जागं राहणार? छे. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची, महाधमनीला चिमटे लावायचे, अरुंद तुकडा कापून टोकं शिवायची, हे सारं पूर्ण भुलीतच होतं. लोकल असतं नंतरच्या वेदनेसाठी. दुरुस्तीनंतर रक्तदाब तसाही उसळतो. त्यात बाळ कळवळलं की आणखी चढतो आणि ताण येतो ताज्या टाक्यांवर.

छाती मिटण्याआधी सर्जन आतूनच, नजरेसमोर, चार-पाच बरगड्यांच्या खालच्या कडेला, नसांजवळ, बुपिवाकेन हे लोकल सोडतात. हिशेब चुकतो तो इथे. या जागेतून औषध रक्तात झपाट्यानं जातं आणि नवजाताच्या यकृताला त्याचा निचरा करायला वेळ लागतो. किलोमागे दीड मिग्रॅ धरलं तर ३ किलोच्या बाळाला साडेचार मिग्रॅ, म्हणजे पाव टक्क्याच्या द्रावणाचं जेमतेम १.८ मिली. पाच जागी पुरवायचं तर तेवढंच सलाइन मिसळावं. अर्ध्या टक्क्याच्या २० मिलीच्या कुपीत मात्र १०० मिग्रॅ असतं! भूलतज्ज्ञानं पाठीतून ब्लॉक (नसांजवळ लोकलचं इंजेक्शन) दिलेला असताना सर्जननं त्या कुपीतलं १ मिली जखमेच्या कडेला ‘सहज’ टोचलं की ५ मिग्रॅ वाढले, मात्रा दुपटीवर गेली. दोघांची बेरीज एकाच फळ्यावर लिहायला हवी.

लोकल जास्त झालं तर विषबाधा होते; पण भुलीत स्नायू शिथिल असल्यानं तिचे झटके दिसत नाहीत, थेट ईसीजीच बिघडतो. म्हणून त्यावरचा उतारा, २० टक्क्यांचं लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण), खोलीतच हवं. पहिली मात्रा किलोमागे दीड मिली.

मोठ्या मुलांत गोम निराळी. अरुंद जागा टाळून रक्त बरगड्यांखालच्या धमन्यांतून वळसा घेतं, त्या फुगून नागमोडी होतात. एक्स-रेत बरगडीला पडलेल्या खाचा दिसतात त्या यांच्याच. सुई नेमकी तिथेच जाते, तेव्हा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहिल्याशिवाय थेंबही सोडू नये.

एपिड्युरल, म्हणजे मणक्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर लोकल सोडणं, आम्ही टाळतो. चिमटे असताना मज्जारज्जूचा रक्तपुरवठा घटू शकतो, म्हणून शुद्धीवर येताच पाय हलतात का हे आधी पाहायचं असतं. पाय औषधानंच सुन्न असतील तर काय कळणार?

आपले,
बालहृदयशस्त्रक्रियेतील दोन भूलतज्ज्ञ